गणपूर्तीचे बंधन राहणार नाही

हे वाक्य माझं आहे. नियमपुस्तक, पान अकरा, नियम सतरा, पोटनियम दोन: 'गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा भरेल व अशा सभेस गणपूर्तीचे बंधन राहणार नाही.' पंधरा वर्षांपूर्वी हे लिहिताना मी तीन मसुदे फाडले. 'व'च्या जागी 'परंतु' घालावं की काय, यावर एक अख्खी दुपार घालवली. लोक पाकिटात मुलाबाळांचे फोटो ठेवतात. मी लग्नच केलं नाही, त्यामुळे कौतुकाने दाखवावं असं माझ्याकडे हे एवढंच होतं.

चार दऱ्या आणि एक शहर, एवढाच आमचा मुलूख. पण कायदे आमचे आम्ही करतो. विधान परिषद म्हटलं की लोकांना घुमट आणि खांब आठवतात. आमची परिषद जुन्या टपाल कचेरीत भरते. अध्यक्षांची खुर्ची आहे तिथे पूर्वी पार्सलं तोलायचे आणि फरशीवर काट्याच्या चार पायांचे खड्डे अजून आहेत. सदस्य नऊ, अध्यक्ष धरून. सगळे आपापला धंदा सांभाळून कायदे करणारे. त्यातली सहा डोकी हजर असल्याशिवाय सभा होत नाही, याला गणपूर्ती म्हणायचं. मी सचिव. इतिवृत्त लिहितो, घंटा वाजवतो, आणि खुर्चीवरून विचारलं तर नियम सांगतो. न विचारता सांगत नाही. तसाही नियम आहे, नववा: 'सचिवाने सभागृहाबाहेर कोणत्याही सदस्यास कामकाजाबाबत सल्ला देऊ नये.' तोही मीच लिहिलेला.

सतरावा नियम लिहावा लागला, कारण तेव्हा सदस्यांना सभा म्हणजे शिक्षा वाटायची. मोकाट गुरांचा कायदा गणपूर्तीअभावी सहा वेळा तहकूब झाला आणि सातव्या वेळी एका वळूने चक्क परिषदेच्या पायरीवर येऊन शेण टाकलं. मग तेव्हाच्या अध्यक्षांनी मला बोलावून सांगितलं, काहीतरी कर. मी केलं. नियम मंजूर झाला आणि गंमत अशी की त्यानंतर लोक धाकाने यायला लागले. पंधरा वर्षांत सतरा-दोन वापरायची वेळच आली नाही. नवे सदस्य आले, जुने गेले, आणि तो नियम माझ्याशिवाय कोणाच्या ध्यानात राहिला नाही.

नव्यांपैकी एक माझे भाऊजी. थोरल्या ताईचे यजमान, धंद्याने सुतार. राजकारणाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. ते तीन वर्षांपूर्वी निवडणुकीला उभे राहिले ते एकाच कारणासाठी, आणि ते कारण म्हणजे त्यांची मुलगी.

तिला घरात सगळे ठकी म्हणतात. ती पाच वर्षांची असताना भाऊजींनी तिला लाकडाची बाहुली करून दिली होती, तेव्हापासून बाहुलीचं नाव तिलाच पडलं. आता ती सव्वीस वर्षांची आहे. होती. बोलत नसे. चालायला आधार लागे. ताईची पाठ गेली आणि तिला उचलणं जमेना, तेव्हा टेकडीवरच्या आश्रयगृहात ठेवावं लागलं. तिथे अशी एकेचाळीस माणसं होती. घरापासून चालत वीस मिनिटं. ताई रोज दुपारी जाऊन स्वतःच्या हाताने भरवून यायची, त्यात एका दिवसाचा खंड नाही.

हे आश्रयगृह बंद करून सगळ्यांना शेजारच्या प्रांतातल्या मोठ्या संस्थेत पाठवायचं, असं विधेयक बरीच वर्षं वाऱ्यावर होतं. इमारतीचं छप्पर गळतं, माणसं मिळत नाहीत, वगैरे. ती संस्था गाडीने नऊ तासांवर. भाऊजी निवडून आले ते हे अडवायला, आणि तीन वर्षं त्यांनी अडवलंही.

आता माझं आणि भाऊजींचं सांगतो, कारण ते लपवलं तर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. निवडून आले तेव्हा मी त्यांना नियमपुस्तकाची प्रत दिली. स्वतः बांधून घेतलेली, पहिल्या पानावर शुभेच्छा लिहून. महिन्याभराने त्यांच्या कारखान्यात गेलो तर ती रंध्याच्या बाकड्याच्या पायाखाली. बाकडं डुगडुगत होतं म्हणे. चार गिऱ्हाइकं उभी होती. भाऊजी म्हणाले, "सचिव, तुझं पुस्तक कामाचं आहे हो. अगदी मापाचं निघालं." सगळे हसले. मीही हसलो. माणूस वाईट नव्हता, थट्टेखोर होता, आणि ती थट्टा ते दुसऱ्या दिवशी विसरलेही असतील. मी तीन वर्षं विसरलो नाही. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणायचो आणि त्यांच्याच घरी दर रविवारी जेवायला जायचो.

अशाच एका रविवारी, जेवताना, भाऊजींनी बेत सांगितला. विधेयक शेवटी अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी मतदानाला येणार होतं, बुधवारी. बाजूने चार, विरोधात चार, आणि समसमान झाली की अध्यक्षांचं निर्णायक मत. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आणि विधेयक त्यांनीच आणलेलं, तेव्हा निकाल उघड होता. पण अखेरच्या दिवशी निकाल लागला नाही तर विधेयक आपोआप बाद होतं. आणि पुढच्या अधिवेशनाआधी निवडणुका होत्या.

"म्हणून आम्ही चौघं जाणारच नाही," भाऊजी म्हणाले. "त्यांची डोकी पाच. सहावं आणणार कुठून? बसू दे एकमेकांचे दात मोजत."

ते खुशीत होते. पानातला बटाटा त्यांनी काट्याने दोन तुकडे करून एक माझ्या पानात सरकवला, लहान मुलाला देतात तसा. मी तो खाल्ला. ताई पाणी ओतत होती. ती थांबली आणि माझ्याकडे वळली. तिला यातलं काही कळत नसे, पण कोणाला विचारावं ते बरोबर कळे.

"असं चालतं ना रे? नाही आले तर होत नाही ना?"

आता हे नीट ऐका. नववा नियम सदस्याला सल्ला देऊ नये म्हणतो. ताई सदस्य नव्हती. ताईला सांगायला मला कोणताही नियम आडवा येत नव्हता, आणि हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं, नंतर सुचलेलं नाही. मी म्हणालो, "गणपूर्ती सहाची आहे, हे खरं."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ताईचा चेहरा सैल झाला आणि ती पुन्हा पाणी ओतायला लागली. भाऊजी म्हणाले, बघ, तुझ्या पंडितानेही शिक्का मारला. मी मूग गिळून जेवण संपवलं. मनात म्हणत होतो की बुधवारपर्यंत तीन दिवस आहेत, भाऊजींनी पुस्तक उघडून पाहावं. पान अकरा. बाकडं उचलायचा काय तो त्रास.

खरं सांगतो, मला विधेयक मंजूर व्हायला नको होतं. ठकीचं वाईट व्हावं असं माझ्या मनात कधी आलं नाही. मला फक्त भाऊजींनी एकदा येऊन विचारायला हवं होतं. की बाबा, तुझ्या पुस्तकात काय आहे ते सांग. एवढ्याचसाठी मी तीन दिवस वाट पाहत बसलो. सोमवारी कचेरीतून उशिरा निघालो, मंगळवारी दुपारी जेवायला घरीही गेलो नाही. ते आले नाहीत. यायचं त्यांना कारणच नव्हतं, कारण मी शिक्का मारला होता.

बुधवारी साडेनऊला वखारवाल्याची सून कचेरीत आली. वखारवाले म्हणजे विधेयकाच्या बाजूच्या चौघांतले एक, वय सत्तरीच्या पुढे. सकाळी जिन्यावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं, दवाखान्यात नेलंय. तिने रजेची चिठ्ठी दिली आणि गेली. मी चिठ्ठी टाचणीने फायलीला लावली आणि मग त्या टाचणीकडे बघत राहिलो. बाजूने आता तीन उरले होते. विरोधातले चार जर आले, तर चार विरुद्ध तीन. समसमान होतच नाही, अध्यक्षांना मत देताच येत नाही, आणि विधेयक सरळ पडतं. फक्त त्यांनी रस्ता ओलांडून आत येऊन बसायला हवं होतं.

रस्ता म्हणजे वीस पावलं. परिषदेसमोर चहाचं दुकान आहे आणि त्याच्या खिडकीपाशी ते चौघं दहापासून बसलेले: भाऊजी, दाईबाई, घड्याळजी आणि मधवाला. गैरहजर राहायचं तर लोक गावाबाहेर जातात. हे समोरच बसले होते, गंमत बघायला.

अकराला मी पायरीवर उभा राहून घंटा वाजवली. आत अध्यक्ष, बसमालक, बेकरीवाला आणि शाळेच्या मुख्याध्यापक बाई. चार डोकी. दहा मिनिटं वाट पाहिली. अध्यक्षांनी चष्मा काढला, डोळे चोळले. त्यांचा चेहरा पडलेला होता. आपण हरलो हे त्यांनी मनाशी धरलेलं दिसत होतं, आणि दप्तर आवरायलाही घेतलं होतं.

"गणपूर्ती नाही," ते म्हणाले. "म्हणजे संपलंच. नाही का, सचिव?"

खुर्चीवरून विचारलं होतं. उत्तर देणं मला भाग होतं. पण उत्तरं दोन होती. 'होय, गणपूर्ती नाही, सभा तहकूब,' एवढं म्हणून मी वही मिटली असती तर माझ्यावर कोणी बोट ठेवलं नसतं, कारण तेही खरंच होतं. रविवारी ताईला मी जेवढं खरं सांगितलं, तेवढंच अध्यक्षांना सांगायचं होतं. ते मला जमलं नाही. पंधरा वर्षं कोणी विचारलं नव्हतं आणि आज भर सभागृहात विचारलं होतं. मी उठून उभा राहिलो. पुस्तक उघडायची गरज नव्हती, तरी उघडलं.

"अध्यक्ष महाराज, नियम सतरा, पोटनियम दोन," मी म्हणालो, आणि अख्खं वाक्य वाचलं.

बेकरीवाल्याने पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं, अंमळ सावकाश. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, वाक्यरचना फार स्वच्छ आहे. लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटलं. अध्यक्षांनी चष्मा पुन्हा चढवला, घड्याळ पाहिलं आणि सभा अर्ध्या तासासाठी तहकूब केली. नियमाप्रमाणे मी पायरीवर जाऊन तहकुबीची घंटा वाजवली. समोरच्या दुकानात चौघांनी ती ऐकली आणि त्यांना वाटलं, अधिवेशन मिटलं. घड्याळजीने टेबलावर थाप मारलेली मला दिसली.

मग तो अर्धा तास.

मी माझ्या टेबलाशी बसलो. टेबल खिडकीला लागून आहे. बसमालक आणि बेकरीवाला रस्त्यातल्या खड्ड्यांवरून वाद घालत होते. अध्यक्ष मुख्याध्यापक बाईंना त्यांच्या दाढेबद्दल काहीतरी समजावत होते. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. मी उठून काडेपेटी आणायला गेलो असतो तरी कोणी विचारलं नसतं. दुकानात शिरून नुसतं 'भाऊजी, आत चला' म्हटलं असतं तरी पुरे होतं.

मी नववा नियम मनातल्या मनात म्हणत राहिलो. सभागृहाबाहेर कोणत्याही सदस्यास. नोकरी जाईल, हेही मनात आलं. पण भीती एवढी मोठी नव्हती, उगाच तिच्यावर ढकलत नाही. माझ्या डोक्यात चाललं होतं ते असं: इतकी वर्षं यांनी मला घंटा वाजवणारा समजलं, आता कळू दे की पुस्तकात काय असतं. आणि त्याच्या शेजारीच ठकी होती, तिच्या पिवळ्या स्वेटरमध्ये. दोन्ही एकाच डोक्यात, एकाच वेळी. मी दोनदा खुर्ची मागे सरकवली. दोन्ही वेळा पुन्हा पुढे घेतली. टीपकागदाच्या कडा दुमडत बसलो. अकरा पस्तीसला मी स्वतःला सांगितलं की अजून पाच मिनिटं आहेत, आणि त्या पाच मिनिटांत काहीही केलं नाही.

अकरा चाळीसला पायरीवर गेलो. घंटा उचलली. भाऊजी खिडकीतून माझ्याकडेच बघत होते. त्यांनी चहाचा पेला वर केला, आणि दुसऱ्या हाताने सलाम केल्यासारखं केलं. त्यात थट्टा नव्हती. ते माझे आभार मानत होते, रविवारच्या शिक्क्याचे. मीही हात वर केला. मग घंटा वाजवली, तीन ठोके, नेहमीचे. दाईबाईने भाऊजींना विचारलं होतं म्हणे, आता पुन्हा कशाला वाजवतोय? भाऊजी म्हणाले, त्याला वाजवायला कारण लागत नाही.

आत चार मिनिटं लागली. बाजूने तीन. विरोधात शून्य. विरोधात शून्य असलं की इतिवृत्तात कोणता शब्द लिहायचा, तेही ठरलेलं आहे. मी लिहिलं: 'विधेयक एकमताने मंजूर.'

बारा वाजायच्या आत भाऊजी आत आले. घड्याळजीचा हात त्यांच्या खांद्यावर होता, दोघं हसतच आले. त्यांनी विचारलं, मिटलं का एकदाचं? मी म्हटलं, मिटलं. मग त्यांची नजर माझ्या उघड्या वहीवर गेली. सुताराची नजर, उलटं अक्षरही वाचते. त्यांनी तो शब्द वाचला आणि बराच वेळ वाचत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "एकमताने कसं? आम्ही तर इथेच होतो."

मी त्यांना नियम वाचून दाखवला. आता वाचायला हरकत नव्हती, सभागृहात होतो. भाऊजी ऐकत होते आणि मान हलवत होते, कोणी रस्ता सांगतंय अशी. घड्याळजी शिव्या द्यायला लागला तेव्हा त्यांनीच त्याला गप्प केलं. म्हणाले, त्याला कशाला बोलतोस, त्याने पुस्तक दिलं होतं मला. तीन वर्षं झाली.

ते मला शिव्या देतील याची मी तयारी ठेवली होती. याची नव्हती.

पुढच्या महिन्याच्या अखेरीस दोन गाड्या आल्या. टेकडीवर सगळ्यांचे नातेवाईक जमले होते. ताईने दोन कागद भरून लिहून आणलं होतं, ठकीला कसं भरवायचं ते: हनुवटी खाली असावी, मानेमागे तळहात ठेवावा, घास बोराएवढा, गिळल्याचं गळ्यावर दिसेपर्यंत दुसरा देऊ नये, घाई केली की ती तोंड मिटत नाही, उघडंच ठेवते, म्हणजे तिला हवंय असं समजू नये. हे सगळं तिने गाडीबरोबरच्या परिचारकाला तोंडीही सांगितलं. माणूस सभ्य होता. त्याने कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि पुढच्या बाईकडे वळला, कारण तिच्याही हातात कागद होता. ठकी खिडकीशी बसली. तिला गाडी आवडली असावी, काचेला गाल लावून बसली होती. ताई गाडीबरोबर फाटकापर्यंत चालत गेली. त्यापुढे तिची पाठ जाऊ देईना.

त्यानंतर भाऊजी रोज संध्याकाळी कचेरीत येऊ लागले. चष्मा लावून समोर बसायचे आणि म्हणायचे, शिकव. पुढच्या निवडणुकीनंतर कायदा फिरवायचा होता त्यांना. मी शिकवलं. तातडीचा प्रस्ताव, हरकतीचा मुद्दा, पोटनियम. ते पेन्सिलीने समासात खुणा करायचे, सुतार लाकडावर करतो तशा. चांगले विद्यार्थी होते. ज्या गोष्टीसाठी मी तीन वर्षं तळमळलो ती आता रोज माझ्यासमोर येऊन बसत होती, आणि मला ती बघवत नसे. एकदा म्हणाले, आधीच तुला नीट विचारायला हवं होतं, माझाच नडला शहाणपणा. मी पान उलटलं.

गाड्या गेल्यापासून अकराव्या आठवड्यात पत्र आलं. संस्थेचा सगळा पत्रव्यवहार परिषदेमार्फत होतो, म्हणून पाकिटावर 'प्रति, सचिव' होतं आणि मीच ते फोडलं. छापील मजकूर, मोकळ्या जागी नाव आणि क्रमांक शाईने भरलेला. जेवताना घास श्वासनलिकेत अडकून मृत्यू. संस्थेस खेद आहे. अंत्यविधी संस्थेच्या नियमांनुसार उरकण्यात आला आहे.

मी पत्र घेऊन ताईकडे गेलो. सकाळचे दहा वाजले होते. भाऊजी मागे कारखान्यात होते, करवतीचा आवाज येत होता. मी आधी ताईला दिलं, कारण भाऊजींना द्यायचा धीर झाला नाही. तिने उभ्यानेच वाचलं, मग बसली, मग पुन्हा वाचलं. रडली नाही. मागच्या बाजूला करवत चालूच होती. मला वाटलं, ती आता हाक मारेल त्यांना. तिने मारली नाही. पत्राची घडी केली, मांडीवर ठेवली, तिच्यावर दोन्ही हात ठेवले.

"त्या रविवारी मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तू म्हणालास, सहा लागतात."

"हो."

"अर्ध्या तासाचं तुला तेव्हा माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. कोणी तपासायला येणार नव्हतं. पण ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं; मी खोटं बोलायला तोंड उघडायच्या आधी तिला कळायचं. मी म्हटलं, "माहीत होतं. मीच लिहिलंय ते."

तिने करवतीच्या आवाजाच्या दिशेला पाहिलं.

"आणि बुधवारी? हे समोर बसले होते. तुला हाक मारता आली असती?"

"ताई, नियम असा आहे की सचिवाने..."

तिने हात वर केला, मी थांबलो. तेवढ्यात करवत थांबली. भाऊजी कपाळ पुसत आत आले, मला बघून हसले, म्हणाले, आज सकाळीच शिकवणी? मग त्यांनी ताईकडे पाहिलं, तिच्या मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं, आणि तो तिच्या हाताखालून ओढून घेतला.

त्यांचं पुढचं मी लिहीत नाही. ते जमिनीवर बसले होते आणि मी शेजारी बसलो होतो, आणि माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून ते पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, माझ्यामुळे गेली रे, मी वाचलं नाही, नुसतं वाचायचं होतं. त्यांच्या केसांत लाकडाचा भुसा होता. मी त्यांच्या डोक्यावरून ताईकडे पाहिलं. तिने एक शब्द बोलायचा होता, आणि माझी तिच्याकडे एवढीच मागणी होती, की तिने तो बोलावा. तिने सांगितलं असतं तर भाऊजींनी मला मारलं असतं, घरातून हाकललं असतं, आणि स्वतःवरचा दोष टाकून दिला असता. मलाही ते बोलता आलं असतं. मी ताईची वाट पाहत होतो. तेव्हासुद्धा मी दुसऱ्याने विचारण्याची वाट पाहत होतो.

ताई उठली. खुर्चीच्या पाठीला धरून हळूहळू उठली, नवऱ्यापाशी आली, त्याचं डोकं माझ्या गुडघ्यावरून उचलून आपल्याकडे घेतलं. मग दाराकडे बघत, माझ्याकडे नाही, ती म्हणाली:

"तुम्ही निघा आता. कचेरीला उशीर होईल तुम्हाला."

भाऊजी रडत होते, त्यांच्या ते लक्षात आलं नाही. मी बावन्न वर्षांचा आहे, ताईने मला जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.